तीन नंबरच्या चेंबरचा पत्ता

केळी पिकवायच्या कारखान्यात मी नेमकं काय करते, हे माझ्या सासरी दापोऱ्यात कोणालाच नीट सांगता येत नाही. "कम्प्युटरचं काहीतरी पाहते," असं सासूबाई सांगतात, आणि ते काही खोटं नाही. बुऱ्हाणपूरहून इच्छापूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता आमचं शेड येतं. आत दोन्ही बाजूंना चेंबरं आहेत, म्हणजे जाड भिंतींच्या बंद खोल्या. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून तिथे रचायची, दार लावून गॅस द्यायचा, मग हवा मोकळी करायची आणि खोली रोज थोडी थोडी थंड करत न्यायची. थंडी बरोबर मिळाली तर केळं हवं त्या दिवशी पिवळं होतं. नाही मिळाली तर ते आपल्या मनाने पिकतं.

प्रत्येक चेंबरच्या दारावर एक डबा आहे. आतलं तापमान तो मोजतो, पंखे आणि कूलिंग चालू-बंद करतो. सगळे डबे तारांनी ऑफिसातल्या स्विचला जोडलेले आहेत. मॅनेजरच्या कपाटावर बसवलेली ती एक लोखंडी पेटी आहे, हिरवे दिवे लुकलुकणारी, आणि तिची जबाबदारी माझी. डब्याला आम्ही एक नंबर देतो, तो कधीही बदलता येतो. पण प्रत्येक डब्याचा एक लांबलचक पत्ताही असतो. तो कारखान्यातूनच कोरून येतो आणि डबा कुठेही गेला तरी त्याच्याबरोबर जातो. ऑफिसचा कम्प्युटर फक्त नंबर जाणतो. त्याने एखाद्या नंबराला निरोप दिला की स्विच आपल्या टेबलात पाहतो, हा नंबर सध्या कोणत्या पत्त्याच्या डब्याकडे आहे, आणि निरोप तिकडे पोचवतो. त्याला एआरपी टेबल म्हणतात. ते स्विच स्वतः भरतो आणि जुन्या झालेल्या ओळी स्वतःच टाकूनही देतो. काही अडकलं तर मी ते सगळं पुसून टाकते. मग तो पुन्हा एकेकाला विचारत बसतो आणि थोड्या वेळात टेबल भरून जातं.

एवढं मला येतं, असं मी त्या चैत्रापर्यंत धरून चालले होते.

माझ्या नवऱ्याची एक काकू आहे. तापीकाठी तिची स्वतःची केळीची बाग आहे. काका गेल्यापासून ती एकटीच ती पाहते, आणि चांगली पाहते. तिच्या मुलीचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. मुलगी ऑपरेशन थिएटरमध्ये असताना काकूने बाहेरच्या बाकावर बसून इच्छापूरच्या इच्छादेवीला नवस बोलला होता, की पोरगी उठून चालायला लागली तर जत्रेच्या दिवशी डोंगर चढून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात माझ्या बागेतलं केळं देईन. मुलगी चालायला लागली. काकूने घड उतरवले आणि मला म्हणाली, "तठी तुहा शब्द चालतो ना? मंग सांग त्याइले. मले जत्रेच्या दिवशी पिवळं पाह्यजे. ना आदल्या दिशी, ना दुसऱ्या दिशी."

माझा शब्द तिथे किती चालतो याची मला खात्री नव्हती, पण मी टाकला. मॅनेजरसाहेब देवभोळे आहेत. त्यांनी तीन नंबरचं चेंबर देऊ केलं. ते काही दिवसांपूर्वीच दुरुस्त झालं होतं. व्होल्टेज वाढून त्याच्या दारावरचा डबा जळाला होता, तो कंपनीने नेला होता. कंपनीचा फिटर आला, नवा डबा लावला, आणि त्याच फेरीत शेडच्या टोकाला नव्याने बांधलेल्या सात नंबरच्या चेंबरचंही काम उरकून गेला. सात नंबर अजून आमच्या ताब्यात आलं नव्हतं, स्क्रीनवरही त्याचं नाव नव्हतं. ट्रायलपुरती त्याला वीज दिलेली होती, एवढंच.

काकूची केळी तीन नंबरमध्ये गेली. गॅस झाला, हवा मोकळी केली, दार पुन्हा लागलं. मी ऑफिसातून तापमान खाली आणायची आज्ञा दिली. स्क्रीनवरचा आकडा शहाण्या मुलासारखा उतरू लागला. संध्याकाळी मी घरी जाताना काकूला फोन करून सांगितलं, काळजी करू नका, तुमची केळी गारव्यात आहेत.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पर्स ठेवते न ठेवते तोच आमचे ऑपरेटर दादा दारात उभे. ते डोईफोडिया गावचे. वयाने माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान, बोलायला सावकाश.

"मॅडम, तीन नंबर ठंडा नाही होऊन राहिला."

मी स्क्रीनकडे पाहिलं. "होतोय की दादा. हे बघा, कालच्यापेक्षा कितीतरी खाली आलाय."

"स्क्रीनवर आला आसन. आत नाही आला."

मी त्यांच्याबरोबर गेले. दारावरच्या नव्या डब्याचा आकडा स्क्रीनपेक्षा बराच जास्त होता. मला वाटलं, नवा डबा आहे, चुकीचं दाखवत असेल. दादांनी दार किलकिलं केलं आणि उबारा तोंडावर आला. बंद मोटारीचं दार उन्हात उघडल्यावर येतो तसा. त्यांनी केळ्यात टोचायचा थर्मामीटर एका फणीत खुपसला आणि माझ्यासमोर धरला. तोही दारावरच्या डब्याच्या बाजूने बोलत होता.

दादा दारावरच्या बटणांनीच तापमान उतरवायला गेले, तर नवा डबा कोड मागायला लागला. कोड फिटरला माहीत, आणि फिटरचा फोन कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.

म्हणजे खोटी ठरली ती माझी स्क्रीन. मी परत येऊन तिच्यासमोर बसले. एखाद्या वेळी आकडा गोठतो, जुनाच दिसत राहतो, हे मी पाहिलेलं होतं. पण हा गोठलेला नव्हता. मी मुद्दाम तापमान थोडं वर करायला सांगितलं, तर आकडा हळूहळू वर सरकला. पुन्हा खाली सांगितलं, खाली आला. कोणीतरी माझं ऐकत होतं. तीन नंबरची खोली मात्र ऐकत नव्हती. हे कसं होतं? मी जे सांगत होते ते कुठेतरी पोचत होतं, कुठेतरी एक पंखा सुरू होत होता, काहीतरी थंड होत होतं. कुठे?

मी माझा नेहमीचा उपाय केला. एआरपी टेबल पुसलं. सगळ्या ओळी गेल्या. एक तेवढी राहिली, नेमकी तीन नंबरची. मला वाटलं, आज्ञा नीट गेली नसेल. पुन्हा पुसलं. बाकीच्या गेल्या आणि एकेक करून परत आल्या. ती ओळ जिथल्या तिथे. इतर ओळींपुढे, त्या किती जुन्या आहेत ते लिहिलेलं असतं. हिच्यापुढे वयच नव्हतं.

तिसऱ्यांदा पुसलं, तरी ती होतीच. मी पेपर मिलच्या कॉलनीत वाढले, मशीन बंद पडली की अख्ख्या कॉलनीचे चेहरे कसे होतात ते लहानपणापासून पाहत आले आहे. पण तिथे मशीन बंद पडायची. इथे काही बंदच पडलं नव्हतं. सगळं चालू होतं, हुकूम मानत होतं आणि तरी चुकत होतं. असल्या बिघाडाला कुठून हात घालायचा ते मला कळेना.

तेवढ्यात दादा परत आले. एक फणी हातात होती. हिरव्यावर पिवळसर झाक आली होती.

"धरला रंग," ते म्हणाले. "आता हा थांबत नाही. दुसरीकडे हलवा नाहीतर जत्रेच्या आधीच काम होऊन जाईल."

"हलवायचं कुठे? सगळी चेंबरं भरलीत."

"सात नंबर खाली आहे ना."

"रिकामं आहे, पण ते चालू कुठे आहे दादा? त्याला थंड व्हायलाच दिवस जाईल."

"पाहून तर येऊ," ते म्हणाले आणि निघाले. मी मागोमाग. शेडच्या टोकाशी ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. दादांनी सात नंबरचं दार ओढलं आणि आम्ही दोघंही एक पाऊल मागे सरलो. आतून गार हवेचा झोत आला. पायांवर अक्षरशः थंडी पडली. आत काही नव्हतं. नवी कोरी भिंत, रिकामी फरशी, आणि वर पंखे संथपणे फिरत होते.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "हा कोणी चालू केला?"

"मी नाही केला."

"मी तर हातच नाही लावला."

आम्ही मॅनेजरसाहेबांना बोलावलं. त्यांनीही आत हात घालून पाहिला, दार बंद केलं, पुन्हा उघडून पाहिलं. "किसने चालू किया ये?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. शेवटी ते म्हणाले, "जिसने भी किया, अच्छा किया. माल इधर शिफ्ट करा."

हमाल लावून काकूची केळी सात नंबरात नेली. मला मात्र एक गोष्ट पुसटशी सुचत होती आणि तिचा शेंडाबुडखा सापडत नव्हता. मी ऑफिसात जाऊन स्क्रीनवर तीन नंबरचं तापमान एक पायरी वर केलं आणि पळत सात नंबरपाशी आले. पंखे मंदावले होते. दादा केळी रचून घेत होते. मी पुन्हा पळत गेले, तापमान होतं तिथे आणलं, पुन्हा पळत आले. पंख्यांनी वेग घेतला होता.

"मॅडम, तुम्ही काहून पळून राहिल्या?" दादांनी विचारलं.

"दादा, मी तीन नंबरला सांगते ते सात नंबर ऐकतोय."

त्यांनी हातातला क्रेट खाली ठेवला. "आन् तीन नंबर कोणाचं ऐकतो?"

"कोणाचंच नाही."

"मग सात नंबरले काही सांगायचं आसलं तर?"

माझ्याही डोक्यात तेच फिरत होतं.

दुपारी मी जेवणाचा डबा न उघडता एआरपी टेबल घेऊन बसले. तीन नंबरच्या ओळीतला लांब पत्ता एका कागदावर उतरवला. तो पत्ता स्विचच्या कोणत्या भोकातून येतोय ते शोधलं. ते भोक सात नंबरच्या केबलचं होतं. मग कागद घेऊन तीन नंबरच्या दारावर गेले. डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो. जुळला नाही. सात नंबरवर गेले. तंतोतंत जुळला. वर त्या डब्याच्या कडेला जुना, अर्धवट खरवडलेला तीनचा आकडाही होता, पेनाने काढलेला.

मी तिथेच क्रेटवर बसले. तो जळालेला डबा टाकून दिलेला नव्हता. दुरुस्त होऊन परत आला होता, आणि फिटरने तो नव्या चेंबरला लावला होता. त्याच्यातला नंबर बदलायचा राहिला होता, तो अजून स्वतःला तीनच समजत होता. नव्या डब्यालाही फिटरने तीनच नंबर दिला होता, आणि ते बरोबरच होतं. तर असे दोन डबे एकाच नंबराचे. पण तेवढ्याने गोष्ट संपत नव्हती. दोघं नुसतेच एका नंबराचे असते तर स्विच गोंधळला असता. कधी याचं नाव लावलं असतं, कधी त्याचं. माझ्या स्क्रीनवर आकडे उड्या मारताना दिसले असते, आणि मला पहिल्याच दिवशी संशय आला असता. इथे स्विच गोंधळलेलाच नव्हता. तीन नंबर म्हणजे तो जुना डबा, हे त्याला कोणीतरी पक्कं करून सांगितलं होतं. म्हणूनच त्या ओळीला वय नव्हतं. ती त्याने शिकलेली ओळ नव्हती, हाताने बांधलेली होती. आणि बांधलेली ओळ पुसून जात नाही.

बांधली कोणी? माझ्या आधी हे काम पाहणारे गृहस्थ आता जळगावला असतात. मी त्यांना फोन लावला.

"हो, मीच बांधली असेल," ते म्हणाले. "दुसरं कोण करणार?"

"पण का बांधली?"

"कारण असेलच काहीतरी."

"बाकी एकही ओळ बांधलेली नाही. फक्त तीनच का?"

मागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली. "खरं सांगू का? आठवत नाही. तो डबा सारखा गायब व्हायचा का? का चार नंबरचा व्हायचा? नाही... थांबा. नाही आठवत. पण तेव्हा ते केल्यावर चाललं होतं एवढं नक्की."

मी फोन ठेवला. निदान ओळ कोणाची ते कळलं, कशासाठी ते आजतागायत कळलेलं नाही.

आता खरं तर सोपं होतं. बांधलेली ओळ काढायची, सात नंबरच्या डब्याला त्याचा स्वतःचा नंबर द्यायचा, झालं. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि थांबले. ओळ काढली की स्विच पुन्हा विचारणार, तीन नंबर कोण? दोन डबे हात वर करणार. मध्येच सात नंबरचा नंबर बदलायचा तर तो डबा बंद करून चालू करावा लागणार. चालू झाल्यावर तो कोणत्या तापमानावर येईल, दारावरून कोड मागेल की नाही, काहीच माहीत नाही, आणि फिटर अजून कव्हरेजच्या बाहेर. आत काकूची केळी. तीही आता रंग धरलेली.

मी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. अर्धं ऐकल्यावर त्यांनी हात वर केला.

"अब केले ठंडे हो रहे हैं?"

"हो."

"स्क्रीनवर जे दिसतं ते बराबर आहे?"

"बरोबर आहे, पण ते तीन नंबर म्हणून दिसतंय आणि केळी सातमध्ये..."

"मग जत्रा होईपर्यंत त्याला हात नाही लावायचा."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि मला ते पटतही होतं. तरी ते दिवस मी फार वाईट काढले. चूक कुठे आहे ते मला माहीत होतं, आणि ती चूक जपायची होती. रोज सकाळी मी टेबल उघडून पाहायचे, ती ओळ आहे ना. ज्या ओळीने घोळ केला ती नाहीशी होऊ नये म्हणून मी धास्तावलेली असायचे. वीज जाऊन आली की मी आधी ती ओळ शोधायचे. दादांनी तीन नंबरच्या दारावर खडूने मोठी फुली मारली आणि कोणालाही आत माल लावू दिला नाही. तरी बोलताना आमचा गोंधळ व्हायचाच. "तीनचं किती झालं?" त्यांनी विचारलं की मी विचारायचे, "स्क्रीनवरचा तीन की दारावरचा?" आणि मग दोघंही थांबून आठवायचो की नेमकं काय विचारलं होतं.

एका दुपारी काकू आली. रिक्षातून उतरली, हातात पिशवी, त्यात माझ्यासाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. आधी ती केळी पाहायला निघाली. ती तीन नंबरच्या दाराशी गेली, कारण मीच तिला तीन सांगितलं होतं. तिथे फुली.

"अठी तं काट मारेल हाये वं! माह्यं केळं कुठी गेलं?"

"काकू, ते सात नंबरमध्ये हलवलंय."

"काहून?"

मी तिला ऑफिसात बसवून पाणी दिलं. सांगायला सुरुवात केली, की इथे कसं प्रत्येक डब्याला एक नंबर असतो, आणि एक कोरलेला पत्ता. ती लक्ष देऊन ऐकत होती. स्क्रीनवर मी तिला दाखवलं, हे तुमचं केळं.

"अठी तीन लिहेल हाये," ती म्हणाली. तिला अंक चांगले वाचता येतात.

"हो, पण ते सात आहे."

"मंग सात काहून नाही लिहत?"

"लिहिता येत नाही अजून. जत्रा झाल्यावर लिहीन."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी जे सांगत होते ते खरं होतं, आणि ऐकायला ते शुद्ध थाप मारल्यासारखं होतं. माझं मलाच तसं वाटलं. काकूने पदराने कपाळ पुसलं.

"मले एक सांग. खराब झालं का ते? झालं आसलं तं सांगून टाक. मी दुसरे घड उतरवते. देवीपुढं मले सडेल केळं न्यायचं नाही."

"खराब नाही झालं. थोडं पुढे गेलंय. एक दिवस गरम राहिलं ते."

"तुह्यामुळं?"

माझ्यामुळे? फिटरमुळे? जळगावच्या त्या गृहस्थांमुळे? मी म्हणाले, "मला खरंच सांगता येत नाही काकू."

दादांनी तिला सात नंबरमध्ये नेलं. तिने वरच्या, मधल्या, खालच्या क्रेटमधल्या फण्या हाताने दाबून पाहिल्या, एक केळं सोलून अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं दादांना दिलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "वरचे क्रेट चांगले हायेत. खालचे लौकर होतीन. ते मी मंदिरात पाठवते आधीच. पुजाऱ्याइले, आदल्या रात्री चालत येणाऱ्याइले. बाकीचे जत्रेच्या दिशी." तिने ते इतक्या सहज ठरवलं की मला रडू आलं. तिने ते पाहिलं आणि पिशवीतून भाकरी काढून टेबलावर ठेवली. "खाय. तोंड कसं सुकेल हाये."

जत्रेच्या दिवशी मी सुट्टी घेतली. नवरा, मी, काकू आणि तिची मुलगी असे पिकअपमध्ये केळ्यांबरोबर बसून इच्छापूरला गेलो. मुलगी पायऱ्या चढू शकणार नव्हती, तिला खालीच खुर्ची टाकून बसवलं, आणि पहिलं केळं तिच्या हातून वाटायला लावलं. काही केळ्यांवर बारीक चट्टे पडले होते, पण आत ती गोड होती. लोक केळं घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि वर निघायचे. काकू प्रत्येकाला "घ्या माय, घ्या बापा" म्हणत होती. तिचा आवाज बसला तरी थांबेना.

दुपारच्या सुमाराला माझा फोन वाजला. दादा.

"मॅडम, साहेब म्हणतात तीन नंबरात माल लावायचा आहे, आता जत्रा झाली. लावू का?"

"लावू नका! दादा, तीन नंबर अजून कोणाचं ऐकत नाही."

"आन् सात आता खाली आहे, त्याच्यात लावू?"

"सातमध्ये लावलात तर चालेल. म्हणजे चालेल, पण स्क्रीनवर तो तीन दिसेल. नाही, नको, थांबा, उद्या फिटर येतोय, तेव्हा मी ते बदलणार आहे. बदलताना आत माल नको." ढोल वाजत होते. मी एका कानात बोट घालून ओरडत होते. शेजारी केळं सोलत उभा असलेला एक अनोळखी म्हातारा माझ्याकडे काळजीने पाहत होता.

"मग कोणात लावू?" दादांनी विचारलं.

"कोणातच नका लावू."

"साहेबाइले काय सांगू?"

"सांगा, मॅडमनी नाही म्हटलंय."

"बरं," दादा म्हणाले. फोन ठेवताना मला जाणवलं, की त्या जागी मी पहिल्यांदाच कशाला तरी सरळ नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी फिटर आला, कोड घेऊन. सात नंबरच्या डब्याला त्याचा नंबर दिला. मग मी ती बांधलेली ओळ काढायची आज्ञा दिली. ती गेली. इतके दिवस टिकून राहिलेली ओळ एवढ्या चटकन गेली, याचंच मला नवल वाटलं. टेबलात तीन नंबरच्या जागी काहीच नव्हतं. थोड्या वेळाने नवी ओळ आली, नव्या पत्त्याची, पुढे वय लिहिलेली. मी तो पत्ता दोनदा, तीनदा वाचला. जुळत होता. तरी विश्वास बसेना.

मी दादांना स्क्रीनसमोर बसवलं आणि स्वतः तीन नंबरमध्ये गेले. दार अर्धवट लावून आत उभी राहिले. फोनवरून म्हणाले, "आता उतरवा."

बराच वेळ काही झालं नाही. रिकाम्या खोलीत माझाच श्वास मला ऐकू येत होता. मला वाटू लागलं, परत तिकडे कुठेतरी भलतंच काही सुरू झालं असणार. मग वरचा पंखा खरखरला, अडखळला आणि फिरू लागला. मानेवर गार हवा आली.

"झाला चालू," मी फोनमध्ये म्हणाले.

"कोणता?" दादांनी विचारलं.

"ज्याच्यात मी उभी आहे तो."

"थांबा," ते म्हणाले, "मी येऊन पाहतो." आणि मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, शेडच्या ऑफिसाकडच्या टोकापासून इकडे येणारा.